निळं पडलेलं सोनं

डोळे मिटू नका. उघडे ठेवूनच माझ्याबरोबर एक कल्पना करा.

तुमच्यासमोर सोन्याची एक अंगठी आहे. तिचे दोन तुकडे करा. अंगठी कल्पनेतली आहे, कुणी रागावणार नाही. आता एका तुकड्याचे पुन्हा दोन करा, त्यातल्या एकाचे आणखी दोन. थोड्या वेळाने तुकडा खसखशीएवढा होईल. थांबू नका. मग तो धुळीच्या कणाएवढा होईल, पुढे दिसेनासाच होईल. तरी कापत राहा. ज्यांना कंटाळा आला त्यांनी बसून घ्यावं, बाकीच्यांनी चालू ठेवावं. अखेर इतका बारीक कण उरेल, की तुमच्या एका केसाच्या जाडीत असे हजारो कण खांद्याला खांदा लावून उभे राहतील.

असे अगणित कण पाण्यात सोडले, तर पाण्याचा रंग कोणता होईल?

पिवळा म्हणालात ना? सगळेच म्हणतात. पण तो होतो लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखा, आरपार दिसणारा लाल.

असं सोन्याचं पाणी टिकलीची आई बनवत असे. टिकलीचं खरं नाव वेगळं होतं, पण ती होती एवढीशी आणि एकदा जिथे चिकटली तिथून निघत नसे, म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. शाळेला सुट्टी असली की ती आईच्या प्रयोगशाळेत येऊन चिकटायची.

प्रयोगशाळा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली. एक लांब टेबल, दोन नळ, काचेच्या भांड्यांचं एक कपाट आणि मोठी खिडकी. दोन नळांपैकी एक साधा होता. दुसऱ्यातून अगदी शुद्ध पाणी यायचं, तेही इतक्या सावकाश, की पेला भरेपर्यंत माणसाचा हात अवघडायचा. खोलीचा नियम असा होता, की भांडं साध्या नळाखाली कितीही घासा, शेवटचं विसळणं मात्र त्या सावकाश नळाखालीच.

खोलीत आईशिवाय दोघं काम करत. एक होता आईचा विद्यार्थी. त्याचा माणसांपेक्षा यंत्रांवर विश्वास जास्त. बाहेर पाऊस पडतोय असं सांगितलं, तर खिडकीतून बघण्याआधी तो भिंतीवरचं दमट हवा मोजायचं यंत्र बघायचा. टिकली त्याला यंत्रदादा म्हणायची. दुसरे होते भांडी सांभाळणारे काका. तेच चहाही आणत. कप भरून निघायचे आणि दाराशी पोहोचेपर्यंत निम्मा चहा बशीत आलेला असायचा. म्हणून त्यांना सगळे हिंदकळेकाका म्हणत. नवीन माणसांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकदा तर पाकिटावर तेच छापून आलं आणि काकांनी ते सही करून घेतलंही.

ही गोष्ट ज्या दिवसाची आहे, त्या दिवशी आईची खोली तिच्याकडे राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

खोली हवी होती खुर्चीवाल्या साहेबांना. इमारतीतल्या सगळ्या टेबलखुर्च्या त्यांच्या ताब्यात होत्या आणि त्यातल्या मोडक्या खुर्च्यांनी आता जिन्याखालची जागा भरून वर यायला सुरुवात केली होती. साहेब अधूनमधून खोलीत डोकवायचे आणि मुलाकडची मंडळी मुलगी बघायला येतात तशी भिंतीवरून नजर फिरवायचे. शेवटी त्यांनी वर अर्ज केला, की एवढी हवेशीर खोली लाल पाणी ठेवायला कशाला लागते. तेव्हा एक समिती नेमली गेली. समितीच्या मुख्य बाई मोजकं बोलणाऱ्या, असं सगळे सांगत. त्या येऊन सोन्याचं पाणी बघणार होत्या. आईचं म्हणणं असं, की इतरांचं सोन्याचं पाणी काही दिवसांत बिघडतं, तिचं मात्र महिनोन्महिने लाल राहतं. आधी एवढं जमलं की पुढे ते कण काचेवर पसरवता येतील, उजेड पकडायला वापरता येतील. पण आधी लाल राहिलं पाहिजे.

म्हणून सकाळी आईने कपाटातली सर्वांत देखणी बाटली काढली. गोल पोटाची, लांब मानेची. ती काकांनी आदल्या दिवशीच घासून ठेवली होती आणि अशी लखलखत होती, की यंत्रदादाने तिच्यात बघून भांग सारखा केला. आईने तिच्यात लाल पाणी ओतलं. थोडंसं नेहमीप्रमाणे एका छोट्या कुपीत मागे ठेवलं. शिंपी कापडाचा तुकडा राखून ठेवतो ना, तशी ती प्रत्येक वेळी राखून ठेवायची. मग बाटलीवर तिने चिठ्ठी चिकटवली: ‘सोन्याचं पाणी. लाल. टिकाऊ.’

नंतर आई पाहुण्यांना आणायला खाली गेली. काका चहा आणायला गेले. यंत्रदादा शेजारच्या खोलीत आपलं यंत्र तापवायला गेला. टेबलाशी राहिली एकटी टिकली. ती शाईच्या पेनाने चित्र काढत होती. पेन गळकं होतं, त्यामुळे चित्रापेक्षा बोटंच जास्त रंगली होती. अधूनमधून ती मान वर करून बाटलीकडे बघत होती, कारण खिडकीतलं ऊन तिच्यातून पलीकडे जात होतं आणि टेबलावर लाल डाग पडला होता.

एकदा मान वर केली तर डाग जांभळा होता.

ऊन गेलं असेल, असं तिला वाटलं. तिने खिडकीकडे पाहिलं. ऊन जागच्या जागी होतं. परत बाटलीकडे पाहिलं, तर तळाशी निळी सावली उतरल्यासारखी दिसत होती. ती वर चढत गेली. टिकली पेन हातात तसंच धरून बघत राहिली. लाल गेलं, जांभळं आलं, जांभळंही गेलं. थोड्याच वेळात बाटलीत निळं पाणी होतं आणि बाटलीवर मात्र ‘लाल, टिकाऊ’ असं लिहिलेलं होतं.

टिकलीने हाक मारली. यंत्रदादा धावत आला. त्याने निळी बाटली पाहिली. मग टिकलीची निळी बोटं पाहिली. मग पुन्हा बाटली. या एका वेळी त्याला कोणत्याही यंत्राची गरज वाटली नाही.

“टिकली,” तो अगदी हळू म्हणाला, “काय केलंस हे?”

तिने काहीच केलं नव्हतं. ती तसं म्हणालीही. पण मुलांनो, बोटं निळी असताना ‘मी नाही’ म्हणणं फार अवघड असतं. तोंडाला साय लागलेल्या मांजराने शपथ घेतली तर कोण ऐकणार? यंत्रदादाने डोक्याला हात लावला, दोनदा खोलीभर फिरला आणि आईला बोलवायला खाली पळाला.

आई वर आली. तिच्या मागोमाग ट्रे घेऊन हिंदकळेकाकाही आले आणि बाटली बघून जागच्या जागी असे थबकले, की उरलेला चहाही बशीत उतरला. समिती खाली खुर्चीवाल्या साहेबांच्या खोलीत बसली होती. साहेबांनी त्यांना त्यातल्या त्यात चांगल्या खुर्च्या दिल्या होत्या. समिती कोणत्याही क्षणी जिना चढून वर येणार होती.

आई रागावली नाही. तिने टिकलीच्या बोटांकडे पाहिलं, पण जरा जास्तच वेळ पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं टिकलीला वाटलं.

मग आईने बाटली उजेडात धरली. म्हणाली, ही शाई नाही. शाईने लाल पाणी नुसतं गढूळ, काळपट झालं असतं. इथे लाल रंगच पार गेलाय. कण एकमेकांना चिकटलेत.

यंत्रदादा म्हणाला, शाईच्या थेंबानेही चिकटू शकतात. हे मात्र खरं होतं आणि आईला ते नाकारता आलं नाही. टिकलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“चिकटले तर चिकटले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं, पण प्रश्न रडका नव्हता. “सोनं तेच आहे ना? मग रंग का बदलावा?”

समिती खाली येऊन थांबलेली असताना असा प्रश्न कुणी विचारला, तर मोठी माणसं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. टिकलीच्या आईचा मात्र एक गुण होता. नीट विचारलेला प्रश्न तिला टाकवत नसे. तिने काकांच्या हातून ट्रे घेतला.

“काका चहा का सांडतात, सांग बरं.”

टिकली म्हणाली, ते भराभर चालतात म्हणून. काकांनी खाली मान घातली. आई म्हणाली, नाही. काकांनी अगदी हळू चालावं, चहा सांडत नाही. धावत सुटावं, तरी कमी सांडतो. पण कपातल्या चहालाही स्वतःची एक चाल असते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. काकांच्या पावलांचा ठेका नेमका त्या चालीशी जुळतो. मग प्रत्येक पाऊल चहाला आणखी एक धक्का देतं आणि हेलकावा वाढत जातो. काकांचं सगळं चालणं तो चहाच खाऊन टाकतो म्हण ना.

काका म्हणाले, म्हणजे पंधरा वर्षं लोक उगाच मला बोलले, दोष ठेक्याचा होता.

आई पुढे सांगू लागली. सोन्याच्या कणातही असंच काहीतरी भरलेलं असतं. विजेचे फार फार बारीक कण, सोन्यात मोकळे फिरणारे. कण म्हणजे कप आणि ते म्हणजे चहा. उजेड त्यांना धक्के देतो. उजेडातला प्रत्येक रंग वेगळ्या ठेक्याने चालतो. निळा भराभर, लाल सावकाश, हिरवा मधल्या चालीने. आपल्या एवढ्याशा कपाला हिरव्याचा ठेका बरोब्बर जुळतो. आत हेलकावा उठतो आणि हिरवा उजेड तिथेच अडकतो. कणाच्या अंगावर, दाराशी पकडलेल्या चोरासारखा. उजेडातून हिरवा काढून घेतला, की आपल्यापर्यंत जे पोहोचतं ते लाल दिसतं.

“आणि कण चिकटले की?” टिकलीने विचारलं.

आईने ट्रेवरचे कप उचलून बाजूला ठेवले आणि बशांमधला चहा ट्रेमध्ये ओतला. काकांना ते बघवलं नाही. तिने ट्रे हलवला. लांबलचक ट्रेमधून चहा या टोकाहून त्या टोकाला सावकाश, आळोखेपिळोखे देत गेला.

टिकली बघत होती. “हा हळू जातो,” ती म्हणाली. “कप चिकटून ट्रे झाला. मग त्याला हळू चालणारा रंग जुळणार.” आणि थोडं थांबून, “लाल अडकला. म्हणून निळा उरला.”

यंत्रदादाच्या तोंडून ‘बरोबर’ निघून गेलं आणि मग त्याला आठवलं, की आपण हिच्यावर रागावलेलो आहोत.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली. हे कण एरवी चिकटत नाहीत. एकाच घरातल्या दोन जावांसारखं त्यांचं असतं. राहायचं एकाच पाण्यात, पण एकमेकींपासून चार हात लांब. प्रत्येक कणाच्या अंगावर सारखाच विजेचा भार असतो, तो दुसऱ्याला दूर ढकलतो. त्यांच्यात कुणीतरी तिसरा मध्ये पडतो, भांडण मिटवतो, तेव्हाच ते गळ्यात गळे घालतात. आता हा तिसरा कोण, एवढंच कळायला हवं होतं.

सगळ्यांच्या नजरा पुन्हा टिकलीच्या पाठीमागच्या हातांकडे वळल्या.

टिकलीने हात पुढे आणले. आता लपवायचं काय होतं? तिने टेबलाकडे बोट केलं. तिच्या कागदाशेजारी ती छोटी कुपी होती, सकाळी मागे राखून ठेवलेली. तिच्या काचेवर टिकलीच्या बोटाचा निळा ठसासुद्धा उमटला होता. कुपीतलं पाणी मात्र लालचुटूक होतं.

“ही माझ्या जवळ होती,” टिकली म्हणाली. “बाटली लांब होती, माझा हातसुद्धा पोचत नाही तिथे. पाणी दोन्हीतलं एकच. मी खोडी केली असती तर आधी हिच्यात केली असती.” मग ती काकांकडे वळली. “काका, त्या बाटलीला आंघोळ कुणी घातली?”

तिच्या विचारण्यात आरोप नव्हता. काकांनाही तो जाणवला नाही. उलट त्यांची छाती फुगली. सकाळपासून बाटलीचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं, पण कशी घासली हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी ते सविस्तर सांगितलं. त्या लांब मानेत ब्रश जात नाही. आत पांढरे थर चढले होते. नुसत्या साबणाला ते दाद देईनात. तेव्हा काकांना आपल्या आईची युक्ती आठवली. मूठभर जाडं मीठ आत टाकायचं, दोन घोट पाणी घालायचं, तोंडावर तळवा दाबायचा आणि खळखळा हलवायचं. असं बराच वेळ. मीठ आतून काच घासून काढतं. मग ओतून द्यायचं. आणि नंतर, इथे काकांनी आवाज खाली आणला, कारण ही खरी मख्खी होती, नंतर अजिबात विसळायचं नाही. विसळलं की पाण्याचे डाग पडतात. तशीच उपडी ठेवून वाळवायची.

सावकाश नळातून एक थेंब पडला, त्याचाही आवाज आला.

“काका,” आई म्हणाली, “शेवटचं विसळणं?”

“अहो ताई, ते रोजच्या भांड्यांना. ही तर खास होती.”

यंत्रदादाने स्टुलावर बसकण मारली. टिकलीने स्वयंपाकघरातल्यासारखी फडताळं उघडून मीठ शोधलं. ते काकांच्याच कपाटात निघालं. तिने एका कोऱ्या पांढऱ्या बशीत कुपीतला एक लाल थेंब सोडला आणि त्याच्या कडेला मिठाचा एक खडा अलगद टेकवला. चौघांची डोकी बशीवर जमली. खड्याजवळ थेंब जांभळा झाला, मग निळा. निळा रंग पसरत पलीकडच्या कडेपर्यंत गेला.

काका खाली बसले. आयुष्यभर आपण खाल्ल्या मिठाला जागलो, असं ते म्हणाले, आणि आज मीठच उलटलं. मग टेबलावरच्या निळ्या बाटलीकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, की आता कण पुन्हा वेगळे नाही का करता येणार. आईने मान हलवली. एकदा गळ्यात पडले की पडले. नवं पाणी करायला पूर्ण दिवस लागतो.

यंत्रदादा उठला आणि टिकलीसमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायची सवय नसल्यामुळे त्याने आधी घसा साफ केला, मग शर्टाची कॉलर सारखी केली. शेवटी एवढंच म्हणाला, की यापुढे तो बोटं बघून निदान करणार नाही. टिकलीने ते मान्य केलं. पण बोटं धुवायला मात्र ती गेली नाही.

जिन्यावर पावलं वाजली.

यंत्रदादा झटकन आईजवळ सरकला आणि कानात कुजबुजला. चिठ्ठी काढून टाकू. म्हणू, निळंच करायचं होतं. ‘निळं सोनं’, ऐकायलाही छान वाटतं. समितीला काय कळणार आहे? आईने चिठ्ठीच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. टिकलीने ते पाहिलं. कोपरा थोडासा उचललाही गेला. मग आईने अंगठ्याने तो परत दाबून चिकटवला.

दारात आधी खुर्चीवाले साहेब दिसले, मग समितीचे दोन गृहस्थ आणि त्यांच्यामागून मुख्य बाई. बाई ठेंगण्या होत्या, त्यांच्या खांद्याला त्यांच्याहून जड वाटणारी पर्स होती. साहेबांनी बाटली पाहिली, चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“बाई,” ते आईला अतिशय सौम्यपणे म्हणाले, “यावर लाल लिहिलंय. मला निळं दिसतंय. माझंच काही चुकत असेल.”

आई म्हणाली, तुमचं चुकत नाही. सकाळी लाल होतं. आमच्याकडून बाटलीत मीठ राहिलं. ‘आमच्याकडून’ हा शब्द ऐकून काकांनी डोळे पुसले. त्यासाठी त्यांनी जे फडकं घेतलं ते ट्रे पुसायचं होतं, त्यामुळे गालावर चहा लागला.

मुख्य बाईंनी मीठ म्हणजे काय झालं नेमकं, असं विचारलं. आईने टिकलीकडे पाहिलं. टिकलीने दुसरी बशी घेतली. लाल थेंब, मिठाचा खडा. बाई इतक्या वाकल्या, की पर्स खांद्यावरून घसरून टेबलावर आपटली. निळं पसरून झाल्यावर त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा. पुन्हा एकदा झालं. मग आईने कप आणि ट्रेची गोष्ट सांगितली. समितीतले एक गृहस्थ ट्रे स्वतः हलवून बघायला लागले आणि त्यांच्या बाहीवर चहा गेला.

खुर्चीवाल्या साहेबांना हे फारसं रुचलं नाही. ते म्हणाले, खेळ छान आहे. पण विचार करा. चिमूटभर मिठाला जे घाबरतं, ते टिकाऊ कसलं? घामात मीठ, नळाच्या पाण्यात मीठ, हवेतसुद्धा असेल थोडंफार. अशा भित्र्या सोन्यासाठी एवढी खोली अडवायची, आणि तिकडे खुर्च्या जिन्यात उभ्या?

खरं सांगायचं तर साहेबांचा मुद्दा बिनतोड होता. यंत्रदादाचं तोंड उतरलं. आईने चिठ्ठीकडे पाहिलं. मग म्हणाली, तुम्ही बरोबर बोलता. ‘टिकाऊ’ हा शब्द मी घाईने लिहिला. शुद्ध पाण्यात ते टिकतं, जगात टिकत नाही. कणांना अंगरखा घालायला हवा, म्हणजे मीठ आलं तरी ते एकमेकांना चिकटणार नाहीत. तो अंगरखा कसा शिवायचा, हे शोधायलाच मला ही खोली पाहिजे. आणि ज्याला भीती वाटते ते नुसतं भित्रं नसतं. ते सांगतंही. या पाण्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, आपल्याला कळत नाही, पण हे सोनं रंग बदलून ओरडून सांगतं.

मुख्य बाई अजून बशीकडेच बघत होत्या. “कशाकशाला घाबरतं ते?” त्यांनी विचारलं.

“ते सगळं अजून आम्हालाही माहीत नाही,” आई म्हणाली.

हे उत्तर समितीला देण्यासारखं नव्हे, असं यंत्रदादाच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. साहेबांच्या चेहऱ्यावरही उमटलं, पण ते आनंदाने. काकांनी तर पाठ फिरवली.

टिकलीला मात्र त्या उत्तरात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. माहीत नाही, तर बघायचं, त्यात काय. तिने कपाटातून होत्या नव्हत्या तेवढ्या बशा काढल्या, त्या एकेक करून सावकाश नळाखाली विसळल्या आणि टेबलावर रांगेने मांडल्या. समिती उभी होती, साहेब उभे होते, नळ आपल्या चालीने गळत होता आणि कुणाचीही तिला ‘लवकर आटप’ म्हणायची हिंमत झाली नाही. मग तिने प्रत्येक बशीत कुपीतला एकेक लाल थेंब सोडला. कुपी रिकामी झाली.

“प्रत्येकाने एकेक वस्तू द्या,” ती म्हणाली. “खिशात असेल ती.”

समितीच्या एका गृहस्थांकडे घसा खवखवला तर चघळायची गोळी निघाली. दुसऱ्यांच्या खिशात साखरेची पुडी होती. ती का होती हे त्यांनी सांगितलं नाही. यंत्रदादाने खडूचा तुकडा दिला. मुख्य बाईंनी पर्स उघडली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि चाचपडत राहिल्या. चाचपडता चाचपडताच, वर न बघता, त्या साहेबांना म्हणाल्या, की खुर्च्यांसाठी जिन्याखाली फळ्या ठोकून घ्या, नाहीतर दुरुस्त करून वापरा. या खोलीत काम चालू आहे.

आईने टेबलाची कड घट्ट धरली. काकांनी वळून पाहिलं.

टिकलीने साखरेचा एक दाणा पहिल्या थेंबाला टेकवला. सगळे वाकले. थेंब लाल होता. थोडा वेळ गेला, तरी लालच. साखरेला घाबरत नाही, असं तिने जाहीर केलं आणि ती बशी बाजूला सरकवली. गोळीचा चुरा केला, दुसऱ्या थेंबात टाकला आणि कुणी टेबल हलवू नये म्हणून सगळ्यांना एक पाऊल मागे व्हायला सांगितलं. मुख्य बाईसुद्धा मागे झाल्या.

खुर्चीवाले साहेब मात्र दाराशीच थांबले होते, तोंड पाडून. टिकली त्यांच्याजवळ गेली, निळ्या बोटांनी त्यांची बाही धरली आणि विचारलं, “साहेब, तुमच्या खिशात काय आहे?”

साहेबांनी खिशात हात घातला. टिकलीने लाल थेंबाची बशी त्यांच्यापुढे धरली.